उलट्या पिल्लाचा बॅज

बॅज हातात आला की मी तो आधी पालथा करतो. पुढची बाजू लोकांना दाखवायला असते. तिथे पक्षी असतो, मशाल असते, ब्रीदवाक्य असतं, जरीकाम असतं. खरं-खोटं काय ते मागे. धागा कुठला, गाठ कशी मारली, खाली कापड कोणतं, बॅज उसवून काढला की ओढून. नीट उसवलेल्या बॅजच्या कडेची भोकं गोल राहतात, ओढून काढलेल्याची फाटून लांबट होतात. हे मला कुणी शिकवलं नाही. उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामांत मी आयुष्यभर कंटेनरची सीलं तपासली, आणि सील फोडून परत चिकटवलंय की नाही ते समोरून बघून कधीच कळत नाही.

निवृत्त झाल्यापासून माझा उद्योग एकच आहे. वैमानिक घडवणाऱ्या सैनिकी शाळांचा इतिहास आणि त्यांचे बॅज. लढाऊ तुकड्यांचे बॅज गोळा करणारे हौशे ढिगाने आहेत. त्यांना वाघ, नाग, विजा असलं काहीतरी लागतं. शिकाऊ शाळांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. महायुद्धाच्या काळात कुठल्या कुठल्या संस्थानांच्या माळावर या शाळा निघाल्या, काही दोन-तीन वर्षांत गुंडाळल्या, काही एकमेकींत मिसळल्या, कुणाचं नाव बदललं, कुणाचं गाव. कित्येकींचा बॅज वर कधी मंजूरच झाला नाही. कुणा प्रशिक्षकाने फळ्यावर खडूने काढला आणि छावणीतल्या शिंप्याने बघून भरला, एवढाच त्याचा जन्म. अशा बॅजचा माग काढायचा म्हणजे लोकांच्या जुन्या ट्रंका उघडायच्या आणि म्हाताऱ्यांच्या बढाया ऐकून घ्यायच्या. दोन्हींना सारखाच वास येतो.

कामोठ्यातल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी टेबल मांडलंय. त्यावर भिंग आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा. त्याच्या उजेडात हल्लीचा दोरा पांढराफेक चमकतो, जुना सुती दोरा मेल्यासारखा पडून राहतो. पुण्या-मुंबईचे हौशे काचेची फ्रेम करून बॅज आणतात, मी दिवा लावतो, आणि बॅज लग्नाच्या मांडवासारखा उजळतो. त्या वेळी समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मला त्यात मजा येते, उगाच कशाला लपवू.

एकदा एक बाई आल्या. साठीच्या, खारघरच्या, बेलपाड्याच्या बाजूला कुठेतरी मुलाकडे राहणाऱ्या. त्यांचा थोरला भाऊ उड्डाण शिकतानाच अपघातात गेला होता. मी माझ्या नोंदींमध्ये प्रत्येक बॅजखाली तो कुणी वापरला ते नाव लिहितो, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. भावाचं नाव तेवढं कुठेतरी लागावं, एवढीच त्यांची इच्छा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी बॅज काढला. स्वच्छ धुतलेला, वर इस्त्रीही केलेली.

"हा उसवला कुणी?" मी विचारलं.

"मीच. तुम्हाला दाखवायचा म्हणून. डगला फार मळका होता हो, कसर लागली होती. तो टाकून दिला."

मी बॅज पालथा केला. मागे काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. मी त्यांना सांगितलं की पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने धुऊन टाकलात. कापडापासून सुटलेला बॅज कुणाचाही असतो. नाव लागणार नाही.

"मी सांगतेय ना, माझ्या भावाचा आहे."

"शब्दाला मागची बाजू नसते," मी म्हणालो.

बाई उठल्या. बॅज आत घालून त्यांनी पिशवीची घडी घातली. पाण्याचा पेला तसाच राहिला. त्या गेल्यावर बायको म्हणाली, "लिहिलं असतं नाव तर काय आकाश कोसळणार होतं?" मी म्हणालो, आज यांचं लिहिलं की उद्या सगळेच भाऊ घेऊन येतील. नियम तो नियम. आजही कुणी तसा बॅज आणला तर मी तेच सांगेन. 

या शाळांचं मला एवढं वेड का, ते पनवेल-उरणच्या आमच्या लोकांना पक्कं ठाऊक आहे, आणि ते विसरू देत नाहीत. मी स्वतः अशा एका शाळेत होतो.

आमचं घर मिठागरावरचं. बाप उन्हाळ्यात मीठ ओढायचा, बाकीच्या दिवसांत खाडीत जाळं टाकायचा. त्या घरातला मुलगा हवाई दलात निवडला गेला, वैमानिक व्हायला, तेव्हा गावाने बेंजो लावून मला वेशीपर्यंत पोचवलं होतं. आईने ट्रंकेत सुकट घातली आणि कपडे फाटले तर असावा म्हणून जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याचं एक रीळ.

शाळेत छातीवर लावायला पॅच मिळाला. घारीचं पिल्लू, पंख अर्धे उघडलेले, खाली मशाल. पिल्लाने डावीकडे बघायला हवं होतं. आमच्या बॅचच्या वेळी छावणीतल्या शिंप्याने नक्षीचा कागद उलटा ठेवून छाप उमटवला, आणि सगळीच पिल्लं उजवीकडे बघणारी निघाली. दुसऱ्याच दिवशी तपासणीची परेड होती, परत करायला वेळ नव्हता, म्हणून तेच वाटले. पुढच्या बॅचला चूक सुधारली. उलटं पिल्लू एवढ्या वर्षांत फक्त आमच्याच छातीवर बसलं. आमचे प्रशिक्षक म्हणायचे, तुमची बॅच शेपटीकडे बघून उडणारी.

बाकीच्यांनी पॅच त्याच शिंप्याकडून शिवून घेतले. मी माझा स्वतः शिवला, आईच्या दोऱ्याने, आणि बाप जाळ्याला मारायचा तीच गाठ मारली. ही गाठ ओढली की आणखी आवळते. माझा खोलीसोबती पुण्याचा. गोरा, हसरा, इंग्रजी फाडफाड. त्याने मला काट्या-चमच्याने जेवायला शिकवलं. मी त्याचं हवामानशास्त्र पाठ करून घेतलं. सुकटीच्या वासाने पहिल्या दिवशी ओकारी देणारा हा प्राणी महिन्याभरात ती मागून खायला लागला. आम्ही दोघं जिवाचे मित्र होतो, असं मी तेव्हा समजायचो.

मला विमान उतरवता आलं नाही. वर सगळं ठीक. जमीन जवळ आली की मी नाक फार लवकर उचलायचो आणि विमान धपकन आदळायचं. तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी तपासलं. शेवटचा खाली उतरल्यावर म्हणाला, "पोरा, तू मिठाची गाडी हाक." त्याच संध्याकाळी मला उतरवलं, म्हणजे शाळेतून काढलं. आमच्याकडे हाच शब्द होता.

उतरवलेल्याबद्दल शिकाऊंमध्ये एक रीत होती. ती कुठल्या नियमावलीत नाही, आणि पुढे शाळेचं पुस्तक निघालं त्यातही मला ती लिहू दिली नाही. उतरवलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं आणि त्याच्या छातीवरचा पॅच त्याच्याच खोलीसोबत्याने ओढून काढायचा. कात्री नाही, ब्लेड नाही. एका झटक्यात. आपल्याच माणसाने ओढला म्हणजे कमी लागतं, असं म्हणायचे.

माझा एका झटक्यात निघाला नाही. मित्राने ओढला, पॅच जागचा हलला नाही. पोरं हसली. त्याने परत ओढला, मी धडपडून त्याच्या अंगावर गेलो. आता सगळी खोली हसत होती. कुणीतरी ओरडलं, "जाळीवाला! मासा सोडत नाय!" तिसऱ्यांदा त्याने एक हात माझ्या गळ्याखाली रोवला आणि सगळं बळ लावलं. दोरा तुटला नाहीच. ओव्हरऑलचं कापड टर्रकन फाटलं आणि पॅच मागच्या चिंधीसकट त्याच्या हातात गेला. छातीला वीतभर भोक. मित्रही हसत होता. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता, आणि हसता हसता पॅच त्याने खिशात घातला. सकाळच्या गाडीने मी परत आलो.

गावाने दुसरा बेंजो लावला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत माझं नाव पायलट. "काय रं पायलट, ईमान खय ठेवलास?" "पायलटला खिडकीची सीट द्या रं." आई मेली तेव्हा खांदा द्यायला उभा राहिलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "सांबालून, लँडिंगला आपटायचा नाय." चुलतभावाला हा विनोद इतका आवडला की तो अजून दर बाराव्या-तेराव्याला सांगतो. पुढे गाव विमानतळासाठी उठलं, आम्ही पांगलो, आणि आता खरोखरच डोक्यावरून विमानं जातात. चुलतभाऊ फोन करून विचारतो, "पायलट, ह्यो तुजाच काय?"

दोन-अडीच वर्षांपूर्वी एक फोन आला. आमच्या शाळेचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा होता, आणि या विषयातला माणूस म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. बोलणारा समितीचा अध्यक्ष होता, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, पनवेलजवळच्या एका नव्या टॉवरमध्ये राहायला आलेला. पहिल्या वाक्यालाच मी आवाज ओळखला, माझ्या खोलीसोबत्याचा. मी कोणत्या बॅचचा, कुठल्या खोलीतला ते सांगितलं. 

"अरे, जाळीवाला! आहेस होय अजून?"

मी त्याला सर म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. त्याने एकदाही सर म्हणू नकोस म्हटलं नाही, म्हणून मी ते पुढेही चालू ठेवलं.

जेवढं होतं तेवढं सगळं मी त्यांना दिलं. शाळेचं मूळ, मधली स्थलांतरं, मंजूर न झालेला पहिला बॅज, पिल्लू उलटं झाल्याची हकीगत. प्रस्तावनाही मीच लिहिली, तीत माझे नियम त्याने हौसेने छापायला घेतले. मोबदला नको म्हणालो. एकच गोष्ट मागितली. पुस्तकात आमच्या बॅचचा फोटो जाणार होता. त्यात दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाचा मी आहे. खाली सगळ्यांची नावं येतील, तिथे माझंही यावं.

"एवढंच ना? दिलं," तो म्हणाला.

हे 'दिलं' मी किती दिवस चघळत होतो ते सांगायला लाज वाटते. वैमानिक झालो नाही, ते खरंच आहे. पण तिथे होतो, त्या रांगेत उभा होतो, एवढं तरी छापलं जावं. चुलतभावाच्या नाकासमोर पान उघडून धरावं आणि म्हणावं, वाच. मी त्यालाच काय, पांगलेल्या गावातल्या मिळतील तेवढ्यांना प्रकाशनाला बोलावलं.

समारंभ पनवेलमधल्या एका सभागृहात झाला. बाहेरच्या दालनात छोटं प्रदर्शन, फीत, कात्री, पेढे. आमचे लोक कडक इस्त्रीचे शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. पुस्तक हातात आल्या आल्या मी फोटोचं पान काढलं. डावीकडून उजवीकडे नावं होती, हुद्द्यांसकट. दोघातिघांपुढे कंसात कैलासवासी. शेवटी, माझ्या डोक्याच्या बरोब्बर खाली, एक शब्द होता. अन्य.

मी पान बंद केलं. तेवढ्यात व्यासपीठावरून माझ्या नावाचा पुकारा झाला.

"आता एक गंमत," मित्र माइकवर म्हणाला. "आमचे हे संशोधक बॅज नुसता पालथा करून त्याचं गोत्र सांगतात. बघू या." त्याने मखमली डबीतून एक पॅच काढून माझ्या हातावर ठेवला.

उजवीकडे बघणारं पिल्लू. मी पालथा केला. मागे फिक्या निळ्या ओव्हरऑलची चिंधी तशीच होती, चारही बाजूंनी फाटलेली, आणि ती धरून ठेवणारा हिरवा नायलॉनचा दोरा. एकही गाठ सुटली नव्हती.  आवाज नेहमीसारखाच निघाला. मी सांगत गेलो. पिल्लू उलटं, म्हणजे बॅच हीच, दुसरी असूच शकत नाही. शिंप्याची शिवण नाही. दोरा जाळ्याचा, गाठ खाडीत जाळं टाकणाऱ्याची. कापड फाटलंय पण दोरा नाही, म्हणजे उसवलेला नाही, ओढून काढलाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला चुलतभाऊ पहिल्यांदाच गप्प बसून माझ्याकडे बघत होता.

"वा! मग कुणाचा?" मित्राने विचारलं.

"माझा," मी म्हणालो. "हवं तर हीच गाठ आत्ता इथे मारून दाखवतो."

सभागृहात कुजबुज झाली. मित्राने हसत माइक बाजूला केला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ते फोटोखालचं बघितलंस ना? सॉरी यार. कमिटीतले काही लोक अडून बसले. दुसरी आवृत्ती लगेच येतेय, त्यात नाव घालतो. शब्द देतो. फक्त आता सीन नको करूस. पाहुण्यांच्या हस्ते हा पॅच फ्रेममध्ये बसवायचाय आणि मागच्या त्या चिंधीमुळे काच लागत नाहीये. तेवढं कापून दे. तुझा हात सराईत आहे."

आणि त्याने फीत कापायची कात्री माझ्या हातात दिली.

बॅजच्या मागचं काही कापू नये, हे मी आल्यागेल्याला ओरडून सांगतो. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापलंय. पण खाली आमचे लोक बसले होते, वर पाहुणे घड्याळाकडे बघत होते, आणि तो मला नाव द्यायला तयार होता. तो सांगत होता आणि मी सर म्हणत होतो. मी दोरा कापला. इतक्या वर्षांत, इतक्या ओढाताणीत न तुटलेला दोरा कात्रीच्या दोन घावांत सुटला. "शाब्बास," मित्र म्हणाला. पॅच काचेत गेला, चिंधी माझ्या मुठीत राहिली. टाळ्या झाल्या. कुणासाठी ते मला कळलं नाही.

बाहेर चुलतभाऊ पेढा खात उभा होता. "पायलट," तो म्हणाला, "तुजा व्हता तर दिलास कशाला रं?"

 मी रिक्षा थांबवली.

दुसरी आवृत्ती आली. पान काढलं. अन्य. मी समितीला मेसेज केला, तर दोन ओळींत उत्तर आलं की नाव समाविष्ट करण्यासाठी पुरावा असल्यास पाठवावा. मग मी मित्राला फोन लावला.

"मी तुझ्यासाठी भांडलो रे," तो म्हणाला. "पण त्यांनी तुझीच प्रस्तावना पुढे केली. कापडापासून सुटलेला बॅज कुणाचाही असतो. तूच लिहिलंयस. आता मी त्यावर काय बोलणार?"

मी म्हणालो की सगळ्या सभागृहाने बघितलं आहे.

"त्यांनी तुझं बोलणं ऐकलं. मागची बाजू कुणाला दिसली?" तो हसला. तेच हसू, तेवढंच जोरात. "रूल इज रूल, जाळीवाल्या."

त्याने हे ठरवून केलं नसेल, असं मला कुणी सांगू नये. माझी पद्धत त्याने मुळापासून वाचली होती. काय कापलं की मी संपतो, ते त्याला पानासकट माहीत होतं. कात्री मात्र त्याने स्वतः चालवली नाही. पहिल्या वेळी त्याला घाम फुटला होता, म्हणून असेल.

हा फोन झाला त्या दिवशी मी चिंधी टेबलावर ठेवली होती. फिकं निळं कापड, मधे पॅचच्या आकाराचा गडद डाग, कारण तेवढ्या भागाला ऊन लागलेलं नव्हतं. कडेने हिरव्या दोऱ्याची टोकं. बायको बाल्कनी झाडायला आली. तिने ती दोन बोटांनी उचलली.

"हे काय? टाकू?"

"नको. माझं आहे ते."

वरून विमान उतरत होतं, त्याचा आवाज जाईपर्यंत ती थांबली. माझ्या लग्नाच्या बायकोला सगळं माहीत आहे. ती चिंधी कुठली, कुणी फाडली, कुणी कापली. खारघरच्या बाई पिशवीची घडी घालत होत्या तेव्हाही ती इथेच, या दारात उभी होती.

तिने चिंधी पालथी केली, नीट बघितली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कशावरून?"